उजेडाचा जमाखर्च
(तृतीय वर्ष, कला शाखा)

सिनेमा पाहून आलेल्या माणसाला लोक काय विचारतात? गोष्ट कशी आहे, गाणी कशी आहेत, कामे कोणाची चांगली झाली आहेत. आमच्या घरी मात्र पहिला प्रश्न वेगळाच असे. पायातली चप्पल काढण्याच्या आत अण्णा विचारीत, "उजेड कसा होता?" लहानपणी मला या प्रश्नाचे हसू येई. अंधारात बसून पाहायच्या गोष्टीत उजेडाची चौकशी ती कसली करायची! परंतु ज्याचे पोट ज्यावर, त्याचे डोळे त्यावर. अण्णांचे पोट उजेडावर होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या तालुक्याच्या गावी एका थिएटरात ऑपरेटर होते. १९८६ साली ते शिकाऊ म्हणून केबिनचा जिना चढले आणि २०१७ साली थिएटरला कुलूप लागले तेव्हा तो उतरले. त्यांची सुरुवातीची वर्षे कार्बनची. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटवायची आणि मागच्या अंतर्गोल आरशाने तो लखलखाट फिल्मवर आणायचा. कांड्या जळत जळत आखूड होतात. त्यांच्यातले अंतर वाढले की पडदा पिवळट पडतो आणि खालून शिट्या सुरू होतात. म्हणून काळ्या काचेतून ज्योतीवर नजर ठेवायची, हाताने अंतर जुळवीत राहायचे, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात रीळ बदलण्याचा ठिपका उमटला की क्षणात दुसरे मशीन सोडायचे. "आम्ही पिक्चर बघितलेच नाहीत, आम्ही उजेड बघितला," असे ते आजही म्हणतात. त्यात तक्रार नसते, थोडा अभिमानच असतो.

२०१३ साली आमच्या थिएटरात फिल्मची रिळे येणे बंद झाले. केबिनमध्ये एक बंद पेटी आली आणि अण्णांचे काम बटण दाबण्यापुरते उरले. पगार तोच राहिला, पण हात रिकामे झाले. पुढे चार वर्षांनी थिएटरच बंद पडले. आता ते बाजार समितीच्या आवारातल्या एका गोदामावर पोत्यांची नोंद ठेवतात. त्या पेटीच्या पोटात काय होते हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि त्यांनीही कधी विचारले नाही.

ते विचारण्याची वेळ माझ्यावर आली ती आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळामुळे. मी द्वितीय वर्षाला असताना मंडळाची चिटणीस झाले. सभागृहात छताला टांगलेला एक जुना प्रोजेक्टर होता. दुपारी सिनेमा लावला की पडद्यावरची माणसे वारंवार धुतलेल्या कापडासारखी फिकट दिसत. खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी चौथ्या रांगेपलीकडे कोणाला वाचता येत नसत. मंडळाच्या बैठकीत ठराव आला, की दुप्पट उजेडाचा नवा प्रोजेक्टर घ्यावा. किंमत ऐंशी हजारांच्या घरात होती, आणि पैसे विद्यार्थी निधीतून काढायचे होते. याच निधीतून बाहेरगावाहून येणाऱ्या मुलामुलींच्या एस.टी. पासाला मदत होते. एवढी रक्कम काढली असती तर त्या वर्षी पासाची मदत बंद झाली असती. माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण त्याच मदतीवर रोज अठरा किलोमीटरवरून येत होती. त्यामुळे ठरावावर हात वर करणे मला तितके सोपे वाटेना.

घरी मी अण्णांना विचारले. त्यांनी पोत्यांची वही मिटली आणि उलट मलाच विचारले, "आधी मला सांग, दिव्यातनं निघतो किती आणि पडद्यावर पोचतो किती? गळती कुठं आहे ते बघितल्याशिवाय मोठी टाकी बसवून काय उपयोग?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर बैठकीतल्या कोणाजवळच नव्हते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यात पडावे का, असा विचार क्षणभर मनात आला. पण नंतर वाटले, जमाखर्च तर शाळेपासून येतो! विज्ञान शाखेच्या पदार्थविज्ञानाच्या सरांना गाठले, ग्रंथालय पालथे घातले, आणि दोन महिन्यांत जे समजले ते येथे मांडीत आहे.

या प्रोजेक्टरचा जीव एका नखाएवढ्या चिपमध्ये असतो. तिच्यावर अतिसूक्ष्म आरसे बसविलेले असतात. आपल्या प्रोजेक्टरमध्ये आडवे १०२४ आणि उभे ७६८, म्हणजे ७,८६,४३२ आरसे आहेत. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आरसा. त्यांची रुंदी निरनिराळ्या चिपांत वेगळी असते. एका जुन्या जातीत ती सुमारे १३.७ मायक्रॉन आहे. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चार-पाच आरसे शेजारी शेजारी मावतील. प्रत्येक आरसा एका बारीक बिजागरीवर उभा असतो, आणि विजेच्या ओढीने एका बाजूला १२ अंश किंवा दुसऱ्या बाजूला १२ अंश कलतो. एका बाजूला कलला की त्याच्यावरचा उजेड भिंगातून पडद्यावर जातो. दुसऱ्या बाजूला कलला की तो भिंग चुकवून आतल्या एका काळ्या भिंतीवर जाऊन आदळतो. याखेरीज तिसरी अवस्था कामाची नाही.

ही करामत लॅरी हॉर्नबेक या अमेरिकन शास्त्रज्ञाची. १९७७ साली डॅलस शहरी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत त्यांनी कामाला सुरुवात केली. तेव्हाची कल्पना अशी होती, की आरशाचा पातळ पापुद्रा विजेने कमीअधिक वाकवावा आणि उजेड कमीअधिक करावा. त्यात वर्षानुवर्षे गेली, पण सगळे आरसे सारखे वाकेनात. शेवटी १९८७ साली त्यांनी 'कमीअधिक' हा शब्दच टाकून दिला. आरशाने एक तर पूर्ण इकडे व्हावे, नाही तर पूर्ण तिकडे! मग करडा रंग कसा दाखवायचा? त्याचे उत्तर वेळेत आहे. चित्राच्या एका क्षणाचे लहानमोठे तुकडे पाडतात, १, २, ४, ८ असे दुपटीने १२८ पर्यंत. आणि आरसा त्यांपैकी कोणत्या तुकड्यांत पडद्याकडे वळायचे ते ठरते. सेकंदात हजारो वेळा हा चाळा चालतो. आपल्या डोळ्याला त्यातले काही कळत नाही. त्याला सरासरी तेवढी दिसते, आणि तिलाच तो करडा रंग म्हणतो. १९९६ साली या चिपचे पहिले प्रोजेक्टर बाजारात आले, १९९९ साली अमेरिकेत अशा यंत्रांवर प्रेक्षकांना सिनेमा दाखविण्यात आला, आणि २०१५ साली हॉर्नबेक यांना या शोधासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले.

आता हिशेब. चिपवर शंभर रुपयांचा उजेड येऊन पडला असे समजू. चिपला धुळीपासून जपण्यासाठी वर काच असते. तिच्यातून आत शिरतानाच सुमारे ३ रुपये जातात. उरले ९७. आरसे एकमेकांना घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये बारीक फटी ठेवाव्या लागतात. आरशांनी व्यापलेली जागा शेकड्याला ९२ धरली जाते. बाकीचा उजेड फटींत पडून वाया जातो. उरले ८९. आरसे ॲल्युमिनियमचे असतात. चांदी अधिक उजळ खरी, पण ती काळवंडते. शिवाय चिपांच्या कारखान्यांत ॲल्युमिनियमची वहिवाट आधीपासून होती. ॲल्युमिनियम शेकडा सुमारे ८९ उजेड परत फेकते. उरले ७९. पुढची गळती मला सर्वांत नवलाची वाटली. उन्हात सीडी धरली की तिच्यावर इंद्रधनुष्य दिसते ना? बारीक, सारख्या अंतराच्या रेघांवरून उजेड परतताना एकाच दिशेने जात नाही. तो अनेक दिशांना वाटला जातो. आरशांच्या या शिस्तबद्ध रांगाही तेच करतात. जो भाग भिंगाच्या तोंडात येत नाही तो बुडाला. म्हणजे रांगेची शिस्तच येथे खर्चाची बाब होते! तो शेकडा १४ धरला तर उरले ६८. आणि बाहेर पडताना तीच काच पुन्हा ३ टक्के घेते. शिल्लक ६६. चिपनुसार हे आकडे थोडे बदलतात, पण साधारणपणे चिप आपल्याकडे आलेल्या उजेडाचा दोन-तृतीयांश भाग पुढे देते. एवढ्या नाजूक वस्तूच्या मानाने हे प्रामाणिकपणाचेच म्हटले पाहिजे.

खरी गळती चिपच्या आधी आहे. चिपला रंग कळत नाहीत. म्हणून साध्या प्रोजेक्टरमध्ये तिच्या वाटेत तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचांचे एक चाक गरगरत असते. तांबडी काच समोर आली की तांबडे चित्र, मग हिरवे, मग निळे. ती इतक्या झपाट्याने येतात की डोळा त्यांची गोळाबेरीज करतो. परंतु तांबडी काच समोर असताना हिरवा आणि निळा उजेड कोठे जातो? तो परतविला जातो. म्हणजे कोणत्याही क्षणी ढोबळ मानाने तीनांतला एकच हिस्सा कामी येतो. ही तूट भरून काढण्यासाठी चाकात एक बिनरंगी काचही बसवितात. तिने पांढरा रंग झगझगीत होतो, पण बाकीचे रंग त्याच्या शेजारी मळकट दिसू लागतात. पडद्यावरचा कागद लखलखीत आणि त्यावरचे कुंकू मात्र विटकरी, हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. मोठ्या थिएटरांत तीन चिपा वापरतात. लोलकाने उजेडाचे तीन रंग वेगळे करून प्रत्येक रंग आपापल्या चिपकडे पाठवितात आणि पुन्हा एकत्र करतात. तेथे ही उधळपट्टी नाही. पण किंमत ऐकून आपल्या निधीने डोळेच मिटले असते.

त्याच्याही आधी दिवा. आपल्या प्रोजेक्टरचा दिवा पाऱ्याच्या वाफेचा आहे. त्यातली ज्योत जेमतेम मिलिमीटरभर लांबीची. इतकी लहान का, याचे उत्तर त्या १२ अंशांत आहे. आरसा बारा अंशच कलत असल्यामुळे त्याच्यावर येणारा उजेडाचा झोत मधल्या रेषेपासून दोन्ही अंगांना बारा अंशांहून फारसा रुंद ठेवता येत नाही. नाही तर 'हो'चा उजेड आणि 'नाही'चा उजेड एकमेकांत मिसळतील. आणि निसर्गाचा एक कायदा असा आहे, की मोठ्या ज्योतीचा उजेड लहान जागेत, अरुंद झोतात, कोणतीही भिंगे लावून कोंबता येत नाही. एस.टी.च्या दारासारखे हे आहे. फलाटावर गर्दी दुप्पट झाली म्हणून एका वेळी आत शिरणारी माणसे दुप्पट होत नाहीत. जी कडेने धक्के देतात ती बाहेरच राहतात. पहिल्या प्रोजेक्टरांत आरसे १० अंश कलत. पुढे ते १२ झाले. त्या दोन अंशांनी दार थोडे रुंद झाले एवढेच.

असा दोनशे वॅटचा दिवा सुमारे १२,००० ल्यूमेन उजेड देतो. पडद्यावर पोचतात अडीच-तीन हजार, आणि दिवा जुना झाला की त्याहून कमी. म्हणजे पाचांतला एखादा हिस्सा!

हा हिशेब घेऊन मी अण्णांपुढे बसले. वाटले होते, ते त्या पेटीला नावे ठेवतील. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमचं तरी काय निराळं होतं? फिल्म पुढं सरकताना शटर आड यायचं. सेकंदाला चोवीस चित्रं, एकेक चित्र दोनदा दाखवायचं, म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा झाकपाक. निम्मा उजेड त्या शटरनंच खाल्ला. लोक तीन तास पिक्चर बघायचे, त्यातला दीड तास पडदा काळाच असायचा. कुणाला कळलं?"

मग मी त्यांना सर्वांत विचित्र बाब सांगितली. पडद्यावर काळोखी रात्र दाखवायची असली तरी आपल्या प्रोजेक्टरचा दिवा तेवढाच जळतो. आरसे फक्त तोंड फिरवितात, आणि सगळा उजेड आतल्या काळ्या भिंतीवर ओतला जातो. तेथे त्याची उष्णता होते, आणि ती पंख्याने बाहेर टाकावी लागते. पूर्ण काळ्या चित्राला पूर्ण पांढऱ्या चित्राएवढीच वीज लागते. नव्या लेसरच्या प्रोजेक्टरांत काळोखाच्या वेळी उजेडच कमी करता येतो. पण जुन्या दिव्याला ते जमत नाही.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कार्बन पण तसाच जळायचा गं. रात्रीचा सीन असला म्हणून कांडी काही वाचत नव्हती. उजेड त्या काळ्या फिल्ममध्ये जिरायचा. फुकट मिळत नाही काळं." आणि मग, जणू हिशेबातली सुटलेली रक्कम आठवावी तसे, त्यांनी विचारले, "तुमच्या हॉलला खिडक्या किती?"

पुढच्या रविवारी, परवानगी काढून, मी त्यांना सभागृहात घेऊन आले. त्यांनी प्रथम प्रोजेक्टरच्या जाळीवरची धूळ झाडली, भिंग मऊ फडक्याने पुसले, आणि मग पडद्याकडे पाठ करून आठही खिडक्यांकडे पाहत उभे राहिले. मी मोबाइलमधल्या उजेडमापकाने मोजमाप घेतले. प्रोजेक्टर बंद आणि खिडक्या उघड्या असताना पडद्यावर १७० लक्स उजेड होता. प्रोजेक्टरचा स्वतःचा उजेड २९० लक्स भरला. म्हणजे आमचा 'काळा' रंग १७० आणि 'पांढरा' ४६०. जेमतेम पावणेतीन पट! आरशांनी कितीही इमानाने उजेड बाजूला फेकला तरी खिडकीतले ऊन काळ्या जागी येऊन बसत होते. प्रोजेक्टर दुप्पट उजेडाचा आणला असता तर ५८० अधिक १७०, म्हणजे ७५० भागिले १७०; साडेचार पटही नाही. मग आम्ही खिडक्यांना सतरंज्या, जुने फलक, जे मिळेल ते लावले आणि पुन्हा मोजले. प्रोजेक्टर बंद असताना पडद्यावर ६ लक्स. आता काळा ६ आणि पांढरा २९६. जवळजवळ पन्नास पट! प्रोजेक्टर काळ्या चित्रातही थोडा उजेड गाळतो, तो सोडून दिला तरी फरक कोणालाही दिसण्यासारखा होता. ऐंशी हजारांनी साडेचार पटीपर्यंत पोचलो नसतो, आणि सतरंज्यांनी पन्नास पटींच्या जवळ नेले.

पुढच्या बैठकीत मी हेच आकडे फळ्यावर मांडले. चर्चा झाली, थोडी वादावादीही झाली. नवे यंत्र आले असते तर सगळ्यांनाच आवडले असते, हे मी नाकारीत नाही. शेवटी दुहेरी काळ्या कापडाचे आठ पडदे शिवून घ्यायचे ठरले. गावातल्या शिंप्याने शिलाईसह साडेअकरा हजार घेतले. पासाची मदत त्या वर्षी चालू राहिली, आणि माझी मैत्रीण बाकावर माझ्या शेजारी राहिली.

पडदे लागल्यावर पहिला सिनेमा आम्ही 'पथेर पांचाली' लावला. १९५५ सालचा, काळा-पांढरा. खरे तर त्या रंगांच्या चाकाला अशा सिनेमात काहीच काम नाही. तरी ते बिचारे तांबडा, हिरवा, निळा उजेड मोजून देत राहते, आणि त्यांची बेरीज करून आपण करडा रंग पाहतो. अण्णा मागच्या भिंतीशी उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. वादळाच्या रात्रीचा प्रसंग आला. झोपडीत अंधार, आजारी दुर्गा, उशाशी आई, आणि अंधारात थरथरणारा थोडासा उजेड. सभागृहात कोणी हालत नव्हते. अण्णा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "आता काळं काळं दिसतंय."

त्या चिपने आमच्या घरातले काम नेले हे खरेच आहे, आणि त्याबद्दल तिचे आभार मानण्याइतकी मी उदार नाही. परंतु तिचा जमाखर्च मांडता मांडता अण्णांच्या एकतीस वर्षांच्या कामाचा अर्थ मला प्रथमच लागला. केबिनमधला माणूस ज्योत पेटविणारा आहे असे आम्ही घरची माणसेही समजत होतो. तो उजेड वाया जाऊ नये म्हणून जागणाराही होता. यंत्र बदलले तरी ते जागणे कोणीतरी करावेच लागते. फरक एवढाच, की आता त्यासाठी पगार मिळत नाही.

मंडळाच्या पुढच्या चिटणिसासाठी चार शब्द लिहून हा लेख संपविते. पडदे वर्षातून एकदा धुवावेत; धुळीने कापड जड होते आणि शिवण उसवते. प्रोजेक्टरच्या जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा झाडावी; आतला पंखा गुदमरला तर दिवा आणि चिप दोन्ही लवकर जातील. आणि सिनेमा चालू असताना त्या जाळीतून येणारी गरम हवा कधी हाताला लागली, तर ती नुसती वाया गेलेली वीज समजू नये. तिच्यात पडद्यावरच्या रात्रीचाही वाटा आहे.